संकल्प आणि कृती यांच्यामध्ये

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबे स्थानकाकडे पहिली उपनगरी गाडी सुटली, तेव्हापासून वसई तालुक्याचे जीवन, जे तोवर भरती-ओहोटी, विहिरीवरचे रहाट आणि देवळांच्या व चर्चच्या घंटा यांच्या तालावर चालत आले होते, ते हळूहळू घड्याळाच्या अमलाखाली गेले. आणि २०११ च्या जनगणनेत ज्या महानगरपालिकेच्या हद्दीत बारा लाखांहून अधिक माणसे मोजली गेली, त्या आजच्या वसई-विरारमध्ये हा अंमल इतका पुरता बसला आहे की, चार मिनिटांचा उशीर येथे स्वभावदोष मानला जातो. अशा नगरात ज्याला काळाचे आंतरिक भान मुळातच दुबळे मिळाले, ज्याचे चित्त हाती घेतलेल्या कामावरून त्याच्या अनुज्ञेवाचून निघून जाते आणि ज्याची कृती विचाराच्या आधी घडून जाते, त्याने आईपण कसे निभवावे आणि त्याच वेळी विद्यार्थीही कसे व्हावे, हा प्रश्न सहानुभूतीने जितका तपासला जावा तितकाच कठोरपणेही तपासला गेला पाहिजे.

पुढील संवाद रचलेला आहे. परंतु त्यातील दोन्ही पक्ष वसईच्या वाड्यांतून आणि विरारच्या इमारतींतून रोज मांडले जातात. मामा हे वसईगावात राहणारे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. भाची विरारला राहते, अंधेरीच्या एका कचेरीत नोकरी करते, चौथीत शिकणाऱ्या मुलाची आई आहे, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.ए. करीत आहे. अवधानन्यूनतेचे, म्हणजे ज्याला आता घरोघरी एडीएचडी म्हणतात त्याचे, निदान या मायलेकांना एकाच वर्षी झाले.

मामा : मी आडपडदा न ठेवता बोलतो. मन चंचल असणे हा मनुष्यमात्राचा धर्म आहे. अर्जुनाने गीतेच्या सहाव्या अध्यायात हीच तक्रार केली आणि तिला उत्तर मिळाले ते अभ्यासाचे व वैराग्याचे. समर्थांनीही मनाला उपदेश करण्यासाठी श्लोक रचले, त्याला दाखला लिहून दिला नाही. आता हाच मनुष्यधर्म रोग ठरतो, आणि तोही कसा, तर रक्ततपासणीत न दिसणारा, क्ष-किरणात न उमटणारा, केवळ प्रश्नावली भरून ठरवला जाणारा! ज्या रोगाचा पुरावा रोग्याच्या जबानीपलीकडे नाही, त्यावर मी विश्वास कसा ठेवावा?

भाची : मामा, मन सर्वांचेच चंचल असते, म्हणूनच निदान नुसत्या चंचलतेवर होत नाही, ते तिच्या मात्रेवर, मुदतीवर आणि तिच्यापायी होणाऱ्या नुकसानीवर होते. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीपासून असावी लागतात, निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, घर आणि शाळा किंवा कचेरी अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळावी लागतात. झोपेची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, रक्तक्षय, चिंतारोग यांपैकी कशाने ती उद्भवली नाहीत ना, याची शहानिशा करावी लागते. डॉक्टरांनी माझ्या जबानीवर समाधान मानले नाही. त्यांनी माझी शाळेतील प्रगतिपुस्तके मागितली, आईला प्रश्न विचारले. आणि अर्जुनाचे म्हणाल, तर ज्याने त्या दिवशी मन आवरत नाही म्हटले, त्याचे लक्ष्यावरचे चित्त जगप्रसिद्ध होते. त्याची व्याकुळता एका प्रसंगातून उपजली होती. माझ्या मुलाची तो चालू लागला त्या दिवसापासून त्याच्याबरोबर आहे.

मामा : तथापि ज्या वैद्यकशास्त्राचा तू हवाला देतेस, त्याचा आरंभ तरी पाहा. १९०२ मध्ये लंडनच्या वैद्यांपुढे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्याने दिली, तेव्हा त्याने या दोषाला नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले होते. म्हणजे शिक्षक जे म्हणतो तेच तो वैद्य म्हणत होता.

भाची : त्याने ते शब्द वापरले खरे, पण त्याच व्याख्यानांत त्याने हेही नोंदवले की, यांतील पुष्कळ मुलांची बुद्धी शाबूत आहे आणि त्यांच्या संगोपनात दोष दाखवता येत नाही. तिथून या शास्त्राचा प्रवास नीतीच्या प्रांतातून मेंदूच्या वाढीच्या प्रांतात झाला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत १९६८ साली ही अतिचंचल मुलांची प्रतिक्रिया होती. १९८० साली अवधानाचा अभाव मुख्य मानला गेला. आणि २०१३ च्या आवृत्तीत तिला मेंदूच्या विकासातील विकारांच्या रांगेत जागा मिळाली. त्या ग्रंथानुसार बहुतेक समाजांत मुलांमध्ये शेकडा पाच आणि प्रौढांमध्ये शेकडा अडीच, असे हे प्रमाण आहे. आपल्या नगरात ही संख्या तीस हजारांहून अधिक होईल, आणि त्यांतील बहुतेकांना आपण वेंधळे, धांदरट किंवा आळशी म्हणून ओळखतो.

मामा : मग एका गोष्टीचा उलगडा कर. तू विरारहून अंधेरीपर्यंत लोकलच्या बायकांच्या डब्यात, जिथे कोपर हलवायला जागा नसते, तिथे विद्यापीठाचे पुस्तक वाचतेस, हे तूच मला सांगितले आहेस. आणि घरी, रविवारी, शांत खोलीत, टेबलाशी बसून तुझ्याने एक पान होत नाही. तुझा मुलगा क्रिकेटचा सामना तीन तास डोळे न हलवता पाहतो, आणि गणिताचे एक उदाहरण सोडवताना चार वेळा पाणी प्यायला उठतो. गर्दीत साधते ते एकांतात साधत नाही, आणि आवडीच्या ठिकाणी साधते ते नावडीच्या ठिकाणी साधत नाही, याचा सरळ अर्थ असा की अवधान आहे, इच्छा नाही.

भाची : तुम्ही अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलेत. अवधान नाही असे मी म्हणतच नाही. ते माझ्या हुकमात नाही, एवढेच म्हणते. आवड, नावीन्य किंवा ऐनवेळची निकड असली की ते आपण होऊन येते. केवळ महत्त्वाचे आहे म्हणून बोलावले तर येत नाही. आणि गाडीत ते का येते याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिथे उठून जायला जागा नाही, शेजारची मुलगीही परीक्षेचे काही वाचत असते, आरंभ आणि शेवट स्थानकांनी ठरवलेला असतो, आणि अंधेरी आल्यावर पुस्तक मिटावेच लागते. जी चौकट माझ्या मनाला आतून उभारता येत नाही, ती तिथे बाहेरून आयती मिळते. घरच्या शांत खोलीत चौकट मलाच उभारायची असते, आणि तेवढेच काम मला सर्वांत अवघड आहे. रसेल बार्कली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आयुष्यभर याच गोष्टीवर भर दिला, की या माणसांना काय करावे हे कळत नाही असे नसते. जे कळते ते योग्य क्षणी हातून होत नाही. म्हणून अशा माणसाला उपदेश करणे म्हणजे त्याच्यापाशी जे आधीच आहे तेच त्याला पुन्हा देणे होय.

मामा : आपल्या वाडीतल्या विहिरीला पाणी भरपूर असते, पण पाट मध्येच फुटलेला असला, तर केळीच्या मुळाशी ओलावा पोहोचत नाही. तुझे म्हणणे असे, की मी इतकी वर्षे विहिरीला बोल लावत आलो.

भाची : माझे म्हणणे एवढेच, की पाट दुरुस्त करणारा हात बाहेरूनच लागतो.

मामा : ठीक. पण मग माझी शाळा काय वेगळे करीत होती? ठरलेल्या वेळेला घंटा, सर्वांनी एकत्र पाढे म्हणणे, तिन्हीसांजेला घरोघरी परवचा, रोजचा गृहपाठ रोज तपासणे, ही बाहेरची चौकटच होती. तिला आम्ही शिस्त म्हणत होतो. आता ती मोडीत काढून, प्रत्येक मुलाच्या हाती फोन देऊन, आणि मग त्याचे चित्त ठरत नाही म्हणून त्याला दवाखान्यात नेऊन, आपण काय मिळवले?

भाची : ती चौकट खरोखर मोलाची होती, आणि माझ्या मुलासाठी मला ती पुन्हा हवी आहे. फोनाने या मुलांचे हाल वाढवले आहेत हेही मी नाकारत नाही. मात्र स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ सालीच, अवधान टिकवण्याची असमर्थता काहींमध्ये जन्मजात असते, असे लिहून ठेवले आहे, तेव्हा फोनाला जनक म्हणता येणार नाही. माझा वाद तुमच्या घंटेशी आणि परवच्याशी नाही. त्या चौकटीला जोडूनच एक दुसरी गोष्ट येत असे, ती म्हणजे ठपका. पाढा चुकला की बाकावर उभे राहणे, वही विसरली की वर्गासमोर नाव घेणे. चौकटीने मूल सावरत होते, ठपक्याने ते स्वतःला नादान समजू लागत होते. आणि दोन्ही एकाच हाताने दिली गेल्यामुळे, सावरण्याचे श्रेय ठपक्याला मिळाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. पण प्रगतिपुस्तकातील शेरा अजून कायद्याच्या कक्षेबाहेर आहे.

मामा : ठपक्यावाचून जबाबदारी कशी उत्पन्न होईल, हा माझा प्रश्न राहतोच. पण तो क्षणभर बाजूला ठेवू. तू प्रौढ आहेस, पदरी मूल आहे. तुला हा विकार होता, तर तो तुझ्या लहानपणी आम्हा कोणाच्याच दृष्टीस कसा पडला नाही? मी तर पेशाने शिक्षक.

भाची : कारण मी वर्गात धावत नव्हते, मी खिडकीबाहेर पाहत बसत होते. मुलग्यांची अतिचंचलता वर्गाला त्रास देते म्हणून ती दिसते. मुलींची न्यूनता पुष्कळदा निमूट असते, आणि निमूट मुलगी सुस्वभावी ठरते. म्हणून स्त्रियांचे निदान उशिरा होते, आणि पुष्कळ जणींचे तर त्यांच्या मुलांच्या निमित्तानेच होते. माझेही तसेच झाले. मुलासाठी दिलेला प्रश्नसंच भरताना मी त्याच्याविषयीच्या प्रत्येक प्रश्नावर थांबत होते, कारण उत्तर दोघांचे एकच होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश ठरतो. मग मी मागे पाहू लागले, आणि मला माझे बाबा आठवले.

मामा : दाजी? ते तर कर्ते पुरुष होते.

भाची : कर्ते होते, कारण त्यांच्या मागे आई होती. त्यांची किल्ली, त्यांचा चष्मा, विम्याच्या हप्त्याची तारीख, कोणाकडे लग्नाला जायचे, कोणाला काय शब्द दिला आहे, हे सारे जन्मभर तिने आपल्या डोक्यात वाहिले. ते तीन धंदे अर्धवट टाकून चौथ्यात स्थिरावले, ते तिने हिशेबाची वही हातात घेतली म्हणून. तुमच्या बहिणीच्या स्मरणशक्तीला कोणी इलाज म्हटले नाही, सवलत म्हटले नाही. तिला संसार म्हटले गेले. अशा घरातल्या पुरुषाला बाहेरची चौकट लागत होतीच, ती त्याला लग्नात मिळत होती, आणि म्हणून त्याचा दोष उघडा पडत नव्हता. आता तोच दोष घेऊन मी स्त्री म्हणून जन्मले, विरारच्या दोन खोल्यांत संसार मांडला, आणि घरातल्या तिघांच्या तारखा लक्षात ठेवण्याचे काम रूढीने माझ्याकडे आले. मुलाचे औषध रोज ठरल्या वेळी देणे, त्याची वही तपासणे, शाळेच्या पालकसभेला हजर राहणे, विद्यापीठाचा गृहपाठ मुदतीत पाठवणे; ज्या एका शक्तीची मला वाण आहे, नेमकी तीच माझ्याकडून सर्वांसाठी मागितली जाते. मुलाला आधी मीच सावरायचे, आणि सावरता सावरता माझा आवाज चढतो, तेव्हा दुखावलेली दोन माणसे एका खोलीत उरतात.

मामा : माझ्या बहिणीविषयी तू जे बोललीस ते मी असे कधी पाहिले नव्हते, आणि ते मला नाकारता येत नाही. तिने वाहिले ते ओझेच होते. तिला ते कोणी विचारून दिले नाही. पण औषधाची गोष्ट निघाली आहे, तर तिथे माझा विरोध कायम आहे. नऊ वर्षांच्या मुलाला उत्तेजक द्रव्य!

भाची : भीती मलाही होती. १९३७ मध्ये चार्ल्स ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टराला असे आढळले की, उत्तेजक औषधाने अशी मुले अधिक चेकाळण्याऐवजी अभ्यासाला लागतात. १९४४ साली मेथिलफेनिडेट हे द्रव्य तयार झाले आणि तेच आजही प्रमुख औषध आहे. आपल्याकडे ते मादक द्रव्यांच्या १९८५ च्या कायद्याच्या नियंत्रणाखाली येते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन, नाडी आणि रक्तदाब पाहत राहावा लागतो. उत्तेजक नको असेल तर ॲटोमोक्सेटिनसारखा पर्याय आहे. या औषधाने माझ्या मुलाला सद्गुण आले नाहीत. मनात आलेला विचार आणि हातून घडणारी कृती यांच्यामध्ये त्याला क्षणभराची उसंत मिळू लागली, आणि त्या उसंतीत आमचे सांगणे त्याच्या कानी पोहोचू लागले.

मामा : मीही थोडे वाचले आहे. अमेरिकेत ५७९ मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९९ साली आले आणि चौदा महिन्यांत औषधाची सरशी दिसली. पण त्याच मुलांना तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा निरनिराळ्या उपचारांच्या गटांतील फरक मावळला होता. मग हा खटाटोप कशासाठी?

भाची : त्या अभ्यासाचा आदर मीही करते, आणि त्यातून मी हे घेते की, औषध एकट्याने जन्माची सोय लावत नाही. त्याने मिळालेल्या उसंतीत चौकट उभी करावी लागते. अजून शाळेत जाऊ न लागलेल्या लहान मुलांच्या बाबतीत तर आधी आईबापांना वागणुकीचे प्रशिक्षण द्यावे, औषधाचा विचार नंतर करावा, असेच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते. मात्र पालकालाच हा विकार तीव्र असेल, तर त्या प्रशिक्षणाचा लाभ मुलापर्यंत कमी पोहोचतो, असे संशोधकांना दिसले आहे. म्हणून माझ्यावरचे उपचार ही माझी चैन नाही. मुलावरच्या उपचाराचा तो पहिला भाग आहे.

मामा : इथपर्यंत मी येतो. पण सरकारी दाखला, शाळेच्या दप्तरी नोंद, परीक्षेत जादा वेळ, हे मला मान्य नाही. कागदावर पडलेला शिक्का पुसत नाही. आणि सवलतीची सवय लागलेला मुलगा उद्या नोकरीत कोणाकडे जादा वेळ मागेल?

भाची : शिक्का आजही पडतोच, मामा. ‘हुशार आहे पण बेफिकीर’ हा शेरा माझ्या प्रत्येक इयत्तेच्या दप्तरात आहे, तो पुसायला कोणी आले नाही. निदानाच्या नोंदीत निदान पुढे काय करायचे त्याची दिशा असते. राहता राहिली सवलत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत; त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, पण अवधानन्यूनता स्वतंत्रपणे नाही. महाराष्ट्राने १९९६ पासून शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षम मुलांना तरतुदी दिल्या, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यांची तपासणी होते. पुष्कळ मुलांत हे दोन्ही दोष एकत्र असतात, म्हणून मी मुलाला दादरला गाडी बदलून तिथे नेणार आहे. त्याला वाचन-लेखनाची अक्षमता नसेल, तर तसा दाखला मिळणार नाही आणि मी तो मागणारही नाही. परंतु ज्या मुलाला नुसती अवधानन्यूनता आहे, त्याच्यासाठी कायद्यात मोकळी राहिलेली ही जागा भरली गेली पाहिजे, असे मी म्हणतच राहीन.

मामा : आणि जबाबदारी? तो प्रश्न मी मघाशी बाजूला ठेवला होता.

भाची : ती माझीच आहे. मुलाची फी भरायची राहिली तर दंड मी भरीन, गृहपाठाची मुदत चुकली तर वर्ष माझे जाईल. निदान म्हणजे निर्दोष सुटका असे मी कधीच मानले नाही. पण जो माणूस चुकीचे कारण इच्छेच्या अभावात शोधतो, तो दर वेळी नवा निश्चय करतो आणि दर वेळी हरतो. जो ते कारण चौकटीच्या अभावात शोधतो, तो भिंतीवर तारखांचा तक्ता लावतो, घड्याळाला गजर लावतो, मैत्रिणीबरोबर अभ्यासाला बसतो, आणि त्याची जबाबदारी पुरी होते. ठपक्याने मला जबाबदारीची जाणीव पुष्कळ दिली, ती पार पाडण्याची रीत मात्र दिली नाही.

मामा : दाखल्याविषयी माझे मत बदललेले नाही, या कागदांनी दुबळी मुले आणखी दुबळी होतील ही भीती मला आहे, आणि शीवच्या तपासणीचा निर्णय येईल तेव्हा आपण पुन्हा वाद करू. परंतु रीत लावून देणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि ते करताना मूल मुद्दाम चुकते असे गृहीत धरण्याची आवश्यकता नाही, एवढे मी स्वीकारतो. शनिवारी संध्याकाळी त्याला घेऊन वसईला ये. सहा ते सात तो माझ्यासमोर गणित सोडवील, आणि त्याच टेबलाशी, त्याच तासात, तू विद्यापीठाचा गृहपाठ लिहिशील. उठायचे असेल तर दर वीस मिनिटांनी उठायचे, सात वाजता मी दोघांचीही वही पाहीन. शेरा लिहिणार नाही. काय राहिले तेवढे पुढच्या शनिवारसाठी मांडून ठेवीन.